पाणी कोणी तापवलं?

परब मावशींना कुठलीही गोष्ट सरळ ऐकता यायची नाही. राजा शिकारीला निघाला की कोपऱ्यातून त्यांचा प्रश्न यायचा, "डबो कोणी दिलो?" राजकन्येला बारा वर्षं बुरुजात कोंडून ठेवलं, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मगे तिचे कपडे कोण धुयत होता?" हात मात्र थांबायचे नाहीत. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसायच्या आणि पोरांच्या डब्यांचे नॅपकिन एकावर एक घड्या करून ठेवायच्या. गोष्ट सांगणारी टीचर मी असायचे. वीस पोरांची तोंडं एकदम माझ्याकडे वळायची, कारण आता त्यांनाही ते कळायला हवं असायचं.

नाहूरला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमची प्लेस्कूल होती. मी कोर्स संपवून तिथं लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालेलं, घरातही मी मोजकं बोलायचे, आणि पालकांसमोर बोलायचं म्हटलं की मी दुसऱ्या टीचरला पुढे करायचे. मावशी तिथं मदतनीस होत्या. पोरांना बाथरूमला नेणं, उलटी पुसणं, बुटांच्या जोड्या लावणं, ही त्यांची कामं. भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत राहायच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद झाल्यावर वॉचमन झाला. त्यांचं बोलणं कणकवली आणि भांडुप यांच्या मधलं कुठलं तरी होतं. पालक समोर असले की मला "टीचर" म्हणायच्या. दार बंद झालं की मी "गो बाय". त्या "गो बाय"साठी मी दार बंद व्हायची वाट बघायचे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

माझ्या पहिल्या डिसेंबरमधली गोष्ट. वर्गात पंखा फुल्ल चालू आणि खिडकीच्या ग्रिलला कापसाचा बर्फ. पोरांचे हात हिरव्या रंगात बुडवून त्यांचे ठसे उमटवले होते, त्यांचं झाड केलं होतं. कागदी डिशचे सांता वाळत पडले होते. अंड्याशिवायचा केक सांगून ठेवला होता. मी चित्रं दाखवत नाताळची गोष्ट सांगत होते. मेरी आणि जोसेफ दारोदार फिरले, कुणी जागा दिली नाही, शेवटी गोठ्यात बाळ जन्मलं.

"बाळंतिणीजवळ बाई कोण होती?" मावशींनी विचारलं.

"कोणी नाही, मावशी. एंजल होते."

"एंजल होते, बरोबर हा. पण पाणी कोणी तापवल्यान?"

मी चित्रांचा गठ्ठा चाळून पाहिला. गाय होती, मेंढी होती, वर तारा होता. पाणी नव्हतं.

"कोणीतरी तापवलं असेल," मी म्हणाले.

"कोणीतरी म्हणजे? नाव-गाव नाय?" त्यांनी नॅपकिन गुडघ्यावर सरळ केला. "शेजारीण असतली. दुसरा कोण येणार?"

त्या वर्षी वर्गात ओवी नावाची मुलगी होती. जून महिन्यापासून ती गोलात बसली नव्हती. बुटांच्या रॅकजवळ, मावशींच्या पदराला धरून दिवस काढायची. ती तिथून म्हणाली, "मी आणते पाणी." तिचं वर्गातलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. मग याच गोष्टीच्या आमच्या नाताळच्या नाटकात शेजारीण आली.

तालीम मावशींनी घेतली. भातुकलीतलं रिकामं पातेलं, दोन्ही हातांत फडकी. "पावलां सांभाळून टाक. गरम पाणी हा, खेळ नाय. तोंडान बोलत यायचा, वाट सोडा, वाट सोडा." मग खाली बसून कोपर पाण्यात बुडवायचं, बाळाला सोसेल का ते बघायचं, आणि मेरीला म्हणायचं, "घाबरू नको, मी हय आसंय." नाटकाच्या दिवशी ओवी रिकामं पातेलं घेऊन अशी चालली की पुढे बसलेल्या एका आजींनी आपले पाय आत ओढून घेतले. आधी सगळे हसले. नंतर कुणी हसलं नाही.

पुढची दोन वर्षंही शेजारीण आली. जे मूल कुठल्याच पार्टमध्ये बसायचं नाही, ते मावशी बरोबर हेरायच्या. "ह्या माझा," म्हणायच्या आणि त्याला पातेलं द्यायच्या. एका वर्षी तर शेजारीण मुलगा होता. त्याच्या आईनं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "पाणी तापवूक काय लागता? हातच ना?"

चौथ्या डिसेंबरला शाळेत नवीन हेड मॅम आल्या होत्या. वाईट नव्हत्या, हे मला आधीच सांगायला हवं. आवाज चढवायच्या नाहीत, पोरांची नावं दोन दिवसांत पाठ केली होती. तालीम बघून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हे पातेलंवालं कॅरेक्टर काय आहे? गोष्टीत तर नाहीये."

"आधीपासून आहे, मॅम."

"पण आयडिया कोणाची?"

मावशी दहा फुटांवर फरशी पुसत होत्या. त्यांचं नाव घेतलं तर त्यांना बोलणी बसतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे नाव घेतलं असतं तर पुढे चार वाक्यं बोलावी लागली असती. मी पुन्हा म्हणाले, "आधीपासूनच आहे."

"बघ, कुणाच्या धर्माच्या गोष्टीत आपण आपल्या मनाचं घालू नये. पालकांपैकी कोणी ऑब्जेक्शन घेतलं तर? काढू या. आणि शोच्या वेळी हेल्पर्स बाहेर थांबतील. आत जागा कमी आहे."

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मी "ओके, मॅम" म्हणाले.

मावशींना सांगायचं काम माझ्यावर आलं. मागच्या मोरीत त्या रंगांच्या डिशा विसळत होत्या. मी दारात उभी राहून एका दमात सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "काढा. माझा काय जाता?" आणि तीच डिश पुन्हा धुवायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती. मी निघाले नाही. कुणाला खासगी काही विचारायचं नाही, म्हणजे आपल्यालाही कुणी विचारत नाही, असा माझा नियम होता. म्हणून नुसती उभी राहिले. ती डिश तिसऱ्यांदा विसळताना त्या आपणहून बोलल्या.

"माझो झील झालो तेव्हा घोव मुंबैक, मिलात. सासू शेतार. घरात मी एकटी आणि कळा सुरू झाल्यो. शेजारणीशी आमचा बोलणा नाय, माझ्या लग्नाच्या आधीपासना. बांधावरना भांडण. माझी बोंब तिणा ऐकली असतली. इली. चूल पेटवल्यान, सुईणीक बोलवूक पोर धाडल्यान, पाणी तापवून माझ्याजवळ आणून ठेवल्यान. सासू येताना दिसली तशी मागल्या दारान निघून गेली."

"मग तुम्ही नंतर तिला...?"

"खंय? दोन वर्सां मी थंय होतंय. रोज समोर दिसायची. घरातले काय म्हणतील, म्हणून मी एक शब्द बोललंय नाय. मगे मुंबैक इलंय." त्यांनी नळ बंद केला. "वर्सातना एकदा ती हय पाणी घेऊन येयत होती, तेवढाच."

घरी येऊन मी हेड मॅमना मेसेज लिहायला घेतला. लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. पाठवला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी पालक छोट्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसले होते. मी कोपऱ्यात स्पीकरजवळ, नेहमीसारखी. मावशी दाराबाहेर बुटांजवळ. दाराच्या काचेतून त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. मेंढ्या आल्या, तारा आला. मेरी झालेली समायरा शालीत गुंडाळून बसली होती. शालीतून बाहुली बाहेर काढायची, की लगेच सगळ्यांनी गाणं म्हणायचं, असं ठरलं होतं. समायरा बाहुली काढेना.

"समायरा, बेबी," हेड मॅमनी हळूच सांगितलं.

"पाणी नाही आलं," समायरा म्हणाली.

पालक हसले. जोसेफनं तिला कोपरानं ढोसलं. तिनं शाल आणखी घट्ट धरली. "पाणी आल्यावर बाळ येतं," तिनं जोसेफला समजावून सांगितलं. मग मेंढ्याही मान वळवून दाराकडे बघू लागल्या. आम्ही चार दिवस त्यांच्याकडून नवीन तालीम करून घेतली होती, पण आधीचे दोन आठवडे मावशींचे होते.

हेड मॅमनी मला गाणं सुरू करायची खूण केली. माझं बोट बटणावर होतं. काचेतून मावशी बघत होत्या. समायराकडे नव्हे, माझ्याकडे. त्यांनी मान हलवली. नको, असं. मला ओरडा बसू नये म्हणून.

त्या मान हलवण्यानंच मी उठले. खुर्च्यांमधून वाट काढत गेले, दार उघडलं आणि म्हणाले, "मावशी, पाणी आणा." आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मावशींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग प्यायच्या पाण्याजवळचा स्टीलचा जग उचलला, पदर कमरेला खोचला आणि आत शिरल्या. "वाट सोडा, वाट सोडा, गरम हा." मेंढ्या भराभर सरकल्या. मावशींचे गुडघे दुखायचे, तरी त्या समायरासमोर खाली बसल्या. जगमधल्या पाण्याला कोपर लावून बघितलं. तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाल्या, "झाला गो बाय. सुटलंस आता." समायरानं शालीतून बाहुली काढली आणि सरळ त्यांच्या हातात दिली. मावशी त्या बाहुलीकडे बघतच राहिल्या. गाणं लावायचं मी विसरले.

नंतर हेड मॅम मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी सांग. मी ऐकलं असतं." ऐकलंही असतं, कुणास ठाऊक. संध्याकाळी बूट लावताना मावशी म्हणाल्या, "तुझो आवाज बरो हा गो. दडवून ठेवलेलंस कित्याक?"

एप्रिलमध्ये त्या गावी गेल्या, कायमच्या. नवऱ्याला चाळीचा चढ झेपेना, त्यांचे गुडघेही गेले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्या नॅपकिनांच्या घड्या घातल्या, पर्स उचलली आणि "येतंय हां" म्हणून गेल्या. मला मिठी मारायची होती. मी दार धरून उभी राहिले.

गणपतीनंतर त्यांचा फोन आला. त्या शेजारणीकडे जाऊन आल्या होत्या, बांध ओलांडून. भांडणारी माणसं सगळी संपली होती. राहिली होती ती म्हातारी एकटीच.

"तिका सगळा सांगलंय. तर ती म्हणता, मी? मी कधी इललंय तुझ्याकडे? अगो, चाळीस वर्सां मी मनात धरून बसलंय आणि हिच्या ध्यानातच नाय! माका चाय दिल्यान आणि रेशनवरचे तांदूळ कसे खराब येतत, ता सांगत बसली." त्या खूप हसल्या. मग हसू थांबलं. "उशीर झालो गो," त्या म्हणाल्या.

मावशी या फेब्रुवारीत गेल्या. त्यांच्या मुलानं कळवलं तेव्हा मी वर्गात होते. पोरांचे नॅपकिन तसेच चुरगळून टोपलीत पडले होते. त्यांच्या जागी आलेल्या ताई गोष्टीच्या वेळी मोबाइल बघतात. आता राजा शिकारीला जातो आणि परत येतो. कोणी काही विचारत नाही. मी मधेच थांबते, कोपऱ्याकडे बघते, आणि पोरं म्हणतात, "टीचर, पुढे?"

पण त्याआधी, डिसेंबरमध्ये, आमचं शेवटचं बोलणं झालं होतं. दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही सांताच्या टोप्यांना कापूस चिकटवत होतो. तिघी टीचर होत्या आणि हेड मॅम चहा घेत होत्या. फोन वाजला. मावशींनी पोरांची चौकशी केली, झाड कसं झालंय ते विचारलं, गावाला थंडी किती आहे ते सांगितलं. आता त्या "ठेवतंय" म्हणणार हे मला कळलं. मी भिंतीकडे तोंड केलं, फोनवर हात धरला आणि पुटपुटले, "मावशी, मला तुमची खूप आठवण येते. तुमच्याशिवाय इथं करमत नाही."

पलीकडे नुसता वाऱ्याचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "काय म्हणतंस? मोठ्यान बोल, हय ऐकाक येत नाय."

मी मागे पाहिलं. सगळ्या आपापल्या कामात होत्या. मी उभी राहिले आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं, शब्दन् शब्द. कापूस चिकटवणारे हात थांबले. हेड मॅमनी कप खाली ठेवला.

"पयल्याच खेपेक ऐकललंय गो," मावशी म्हणाल्या. "माका परत ऐकूचा होता."