मावशीचा ओळखीचा कान

आमच्या मावशीला दवाखान्यात सगळे हेडमास्तर म्हणतात. डॉक्टरसुद्धा, पण तिच्या माघारी. कानाच्या डॉक्टरांकडे तीस वर्षं नर्स आहे ती.

गेल्या वर्षी माझी सहा वर्षांची लेक हाक मारली तरी वळेना. शाळेतून चिठ्ठी आली की हिचं लक्ष नसतं, हिला पुढच्या वर्षीही याच वर्गात ठेवावं लागेल. डॉक्टरांनी ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या नळीने, दोनदा तपासलं आणि कान ठीक आहेत म्हणाले. मग काय, मी पोरीवर येता-जाता तोंडसुख घेऊ लागले. एकदा तर पाठीत धपाटाही घातला. मावशीला मात्र पटत नव्हतं. माणसाला बोल लावण्याआधी हत्यार तपासावं, असं तिचं मत. तो ऑटोस्कोप मिणमिणतोय म्हणून तिने असं टुमणं लावलं, की डॉक्टर कंटाळून म्हणाले, नवा तुम्हीच निवडा.

विक्रेता तीन ऑटोस्कोप घेऊन आला, वर गोड बोलणं फुकट. मावशीने माहितीपत्रकं बाजूला सारली आणि माझ्या नवऱ्याला बोलावून स्टुलावर बसवलं. ह्यांच्या डाव्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून टाचणीच्या डोक्याएवढं भोक आहे आणि ते नेमकं कुठे, हे मावशीला पाठ. जे माहीत आहे तेच दिसलं नाही, तर जे माहीत नाही ते काय कपाळ दिसणार? दहा वर्षांच्या संसारात माझं एक अक्षर न ऐकलेल्या त्या कानाला एवढा मान मिळालेला बघून मी थक्क झाले.

पहिला स्क्रीनवाला. चित्र झकास, पण सगळंच लालसर; भोक कुठलं नि मळ कुठला, कळेना. दुसऱ्याचा दिवा तिने चहा होईपर्यंत चालूच ठेवला, तर उजेड पिवळा पडला. एवढा वेळ कोण बघतं एका कानात, असं विक्रेता पुटपुटला. मावशीने नुसतं बाहेरच्या बाकांकडे बोट दाखवलं. पंधरा पेशंट बसले होते. तिसरा दिसायला अगदीच बावळट, पण उजेड पांढराशुभ्र. भोक पहिल्या फटक्यात दिसलं. तिने तोच ठेवून घेतला.

लगेच तिने माझ्या लेकीला स्टुलावर चढवलं. डॉक्टरांनी नळी कानात धरली आणि तिला जोडलेला रबरी फुगा दाबला. त्या हवेने चांगला पडदा हलतो. हिचा हललाच नाही. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलं होतं.

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझ्या नजरेतून सुटलं, सिस्टर."

"तुमची नजर चांगलीच आहे. उजेड कमी होता," मावशी म्हणाली.

तिला टोमणा मारता आला असता. तिने मारला नाही, म्हणून मला ती फार मोठी वाटते. माझ्याकडे मात्र तसली काही सबब नव्हती. त्या धपाट्याची मला अजून लाज वाटते.

छोटंसं ऑपरेशन झालं, पाणी निघालं. घरी आल्यावर मी सवयीने स्वयंपाकघरातून खच्चून हाक मारली. पोर दारातच उभी होती. दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाली, "आई, मी इथेच आहे. ओरडतेस कशाला?"