पुस्तकाचे वाटे

बाबल तांडेल पुस्तक उसवून वाचायचे. नवं पुस्तक हातात आलं की ते आधी कव्हर काढून बाजूला ठेवत, मग चाकूच्या टोकाने पाठीची शिवण सोडवत आणि पानांच्या जुड्या वेगळ्या करून समोर मांडत. पन्नास सालानंतरचे ते दिवस. मी मालवणच्या पुढे किनाऱ्यावरच्या एका गावात शाळामास्तरीण म्हणून नुकतीच रुजू झाले होते. शाळेच्या कपाटातली एक कादंबरी मी मोठ्या विश्वासाने तांडेलांना वाचायला दिली. काही दिवसांनी त्यांच्या मांगरात डोकावले, तर जाळी ठेवायच्या त्या झोपड्यात माझी कादंबरी तुकड्यातुकड्यांनी पसरलेली, आणि भोवती बसलेल्या प्रत्येक मच्छीमाराच्या हातात एकेक जुडी. मी जवळच्याच धामापूरची; रागावले की माझी शाळेतली मराठी सुटते. "ह्या काय चलवलासा? पुस्तकाचो जीव घेतलास," असं मी तिथल्या तिथे सुनावलं.

"बाईनू, बसा आदी," तांडेल म्हणाले. "रापण कदी एकट्यान ओढूक येता? मगे पुस्तक एकट्यान कशाक ओढूचा?"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं लांबलचक जाळं. पाचपन्नास माणसं मिळून ते ओढतात आणि आलेल्या मासळीचे वाटे करतात. पाण्याचा रंग बघून जाळं कधी आणि कुठे टाकायचं हे सांगणारा तो तांडेल. पावसात होड्या वर चढवल्या की जाळी दुरुस्त करण्याखेरीज काम नसे, तेव्हा बाबल तांडेल पुस्तकांची रापण घालीत. मुंबईहून बोटीने येणारे चाकरमानी प्रवासात वाचलेल्या रहस्यकथा गावात टाकून जात, त्यात माझ्या कपाटाची भर पडली. सगळ्यांचं वाचून झालं की तांडेलांची बायको, शेवंतीकाकी, जुड्या जुळवून जाळ्याच्या दोऱ्याने पुस्तक पुन्हा शिवी. काकींना अक्षरओळख नव्हती, तांडेल त्यांना सगळं मोठ्याने वाचून दाखवत. काकींची शिवण छापखान्यापेक्षा पक्की असे, फक्त पुस्तकाला मासळीचा वास लागे. शाळा तपासायला आलेले साहेब माझं कपाट नाकाला रुमाल लावून तपासत.

या रापणीचा कायदा एकच होता. शेवटची जुडी तांडेलांच्या मांडीखाली राहायची. आधीचे सगळे वाटे वाचलेल्यालाच ती मिळे, आणि ज्याने वाचली त्याने खुनी कोण याबद्दल तोंड उघडायचं नाही. शेवट फोडणाऱ्याला पुढच्या पुस्तकात वाटा नाही. ही शिक्षा एकदाच, एका जावयाला झाली होती. तो बिचारा पावसाळाभर सासुरवाडीत भिंतीकडे बघत बसला, असं काकी सांगत.

मधल्या जुड्या मात्र ज्याला जी मिळेल ती. धाकू हा तांडेलांचा उजवा हात. त्याने एकदा तिसरी जुडी आधी वाचली आणि दुसरी नंतर. तिसरीत ज्या शेटजींचा मुडदा पडला होता, ते दुसरीत आरामखुर्चीत बसून चहा पीत होते. धाकूने सगळ्यांना सांगितलं की ही भुताची गोष्ट आहे, आणि भूत चांगलं दूधसाखरेचा चहा घेतं. निम्मा मांगर त्याच्या बाजूचा झाला. शेवटी सगळे तांडेलांकडे निवाड्याला आले. तांडेलांनी दोन्ही जुड्या पुन्हा वाचल्या, बराच वेळ विडी ओढली आणि म्हणाले, "पुस्तकात भूत नाय. पण धाकूची गोष्ट लेखकापेक्षा बरी आसा."

पुस्तकांविषयी त्यांची मतं ठाम असत, आणि कधीकधी साफ चुकीचीही. पुण्याच्या बंगल्यातल्या दोन प्रेमिकांची एक सामाजिक कादंबरी मी त्यांना दिली होती. ती वाचता वाचता माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. ती परत करताना ते म्हणाले, "सगळी रडतत, पण कामाक कोण जायना. मगे जेवाण खंयसून येता?" एका प्रवासवर्णनावर शेरा असा की लेखक इतके दिवस बोटीत होता आणि त्याला एकदाही ओकारी झाली नाही, तेव्हा तो घरीच बसून लिहीत असणार. कवितांचं पुस्तक त्यांनी उसवलंच नाही. "ह्येचे वाटे जमाचे नाय. ह्या ज्येचा त्येना वाचूचा," म्हणून ते अलगद माझ्या हातात परत दिलं. मला त्यांचं ते करणं फार आवडलं. रहस्यकथेच्या बाबतीत मात्र ते कडक. "खुनी पयल्या वाट्यात दिसाक व्हयो. शेवटाक नवो माणूस हाडून तोच खुनी म्हणणा म्हणजे वाचणाऱ्याची थट्टा," असं ते म्हणत. अशा लेखकाचं पुढचं पुस्तक गावात कोणी हातात धरत नसे.

साठ साल उलटलं आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी अक्षरं गेली, मग पाण्याचा रंग गेला. रापणीच्या वेळी ते नेहमीच्या जागी उभे राहत, पण मासळीचा थवा कुठे आहे ते धाकू हळूच त्यांच्या कानात सांगे आणि मग ते हात वर करत. सगळ्यांना हे कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. घाटावर मिरजेला जाऊन ऑपरेशन करून घ्या, असं मी परोपरीने विनवलं. भर तुफानात होडी घालणारा हा माणूस चाकूच्या नावाने घाबरत होता. "दर्यान नेल्यान तर चलात," ते म्हणत, "पण डोळ्याक सुरी लावून घेवचंय नाय."

त्या पावसाळ्यात एक फार चांगली रहस्यकथा हाती आली. शाळा सुटली की मी मांगरात जाऊन त्यांना ती वाचून दाखवी. मालकाच्या वखारीत खून, संशय पाच जणांवर, आणि ऐकणाऱ्याला पाचही जण खुनी वाटावेत अशी लिहिणाऱ्याची हातोटी. तांडेल मान पुढे काढून ऐकत. शेवटच्या जुडीपाशी आलो त्या दिवशी शेवंतीकाकींनी पुढे होऊन ती माझ्या हातातून काढून घेतली.

"शेवटचो वाटो ह्येंका देव नकात," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "डोळे बरे करून येवंदेत, मगे स्वता वाचूंदेत."

"माझो नियम माकाच लावतास?" तांडेल तडकले.

"नियम तुमचोच," धाकू म्हणाला. "आदले वाटे वाचल्याशिवाय शेवट नाय. तुमी खंय वाचलास? तुमी आयकलास."

मांगरात कोणी हसलं नाही. तांडेल उठले, चाचपडत वाळूवर गेले आणि अंधार पडेपर्यंत पाण्याकडे तोंड करून बसले. आपण फार दुष्टपणा केला असं मला वाटत राहिलं. पण नारळी पौर्णिमा झाली आणि एक दिवस त्यांनी धाकूला विचारलं, मिरजेची एसटी कणकवलीहून कधी सुटते.

ते परत आले ते जाड भिंगांचा चष्मा लावून. त्या भिंगांमागे त्यांचे डोळे वाटीएवढे दिसत. मला बघून ते म्हणाले, "बाईनू, तुमचे केस पिकले," आणि मला त्याचा फार आनंद झाला. धाकूने शेवटची जुडी आणून त्यांच्या हातात ठेवली. ते ती वाचायची घाई करीनात. मी म्हटलं, "तांडेलानू, आता तरी खुनी कोण ता कळात."

त्यांनी काकी चुलीपाशी आहेत याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला. "ता माका कदीच ठावक आसा. धाकून वाचून तिका सांगल्यान, वाळयेरसून परत इलंय त्याच सांजेक तिना माका सांगल्यान. माझो चेरो तिका बघवलो नाय."

"मगे तुमी मिरजेक गेलास कशाक?"

"तुमी सगळ्यांनी मिळान माझ्यासाठी येवढी गोष्ट रचलास," ते म्हणाले. "मियाच तिचो शेवट फोडलंय आसतंय तर कसा दिसला आसता?"

तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या, कप आमच्यापुढे ठेवले आणि पदराला हात पुसत तांडेलांच्या शेजारी टेकल्या. तांडेलांनी चष्मा नाकावर सारखा केला, जुडी उजेडाकडे धरली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले. पान उलटलं तशी काकींनी विचारलं, "अवो, खुनी कोण ता सांगा ना."

"गप रव," तांडेल म्हणाले. "इतक्यात नाय."