पिठात मिसळलेलं सोयाबीन

आमच्या गावात बीटी कपाशीचं बियाणं येऊन काही वर्षं झाली होती. वेचणीच्या दिवसांत माझी मोठी जाऊ वावराच्या धुऱ्यावर, बांधावरून चालताना, घसरली. पडली नाही, नुसता हात टेकला. तेवढ्यानंच तिचं मनगट मोडलं.

शेगावच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा एक्स-रे खिडकीकडे धरला. "हाडं विरळ झालीत," त्या म्हणाल्या. "पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं. हाडं तेच सांभाळत असतं. तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

जाऊ बोटं मोजत बसली. ती साठीची, मी एक्कावन्नची. पण माझी पाळी चव्वेचाळिसाव्या वर्षीच गेली होती, आणि ते मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. वेचणीच्या ऐन घाईत महिन्याची कटकट सुटली, म्हणून बरंच वाटलं होतं मला.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. पोळ्या लाटता लाटता मी मनगट दाबून पाही. ओट्यावरून उतरताना भिंत धरी. कापसाचं गाठोडं डोक्यावर घ्यायची वेळ आली की पाणी प्यायच्या निमित्तानं बाजूला होई. बायका एकमेकींकडे पाहत, ते मला कळे.

मग अंगणवाडीच्या बाईंकडून ऐकलं की सोयाबीनमध्ये बाईच्या अंगातल्यासारखंच इस्ट्रोजेन असतं, आणि जवसातही. जवस आम्ही पूर्वी पेरायचो. कपाशी वाढत गेली तसं ते वावरातून गेलं. पुढं बोंडअळीनं कपाशीवरचा भरवसा उडाला म्हणून निम्म्या वावरात सोयाबीन आलं होतं. त्याची पोती पडवीत होती, पण ती विकायची. घरात सोयाबीन कोणी खात नसे.

मला धीर नव्हता. मी पायलीभर सोयाबीन गव्हात मिसळलं आणि तसंच कच्चं दळून आणलं. पोळ्यांना उग्र वास येत होता, तरी वाढल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरातल्या सगळ्यांची पोटं बिघडली. माझे मालक न जेवताच वावरात गेले. जाऊ प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली.

"पिठात काय टाकलं तू?"

"सोयाबीन."

"काऊन?"

काही तरी सांगून वेळ मारून न्यावी असं मनात आलं, पण तिच्या प्लास्टरकडे पाहून खरंच सांगून टाकलं. "बाई, माही पाळी जाऊन सात वर्षं झाली. मले भेव वाटते. बसलं तरी वाटते, उठलं तरी वाटते."

"सात वर्षं?" जाऊ म्हणाली. "अन् मले नाही सांगतलं?"

"काय सांगू? कोणी बोलते का घरात?"

"मी तरी कुठं बोलली," ती म्हणाली. मग म्हणाली, "उद्या चाल शेगावले. मी येतो संगं."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सोयाबीन खा, पण भाजून किंवा नीट शिजवून. झाडातलं इस्ट्रोजेन फार सौम्य असतं. कोणाला थोडा उपयोग होतो, कोणाला जाणवतही नाही. त्याच्यावर विसंबून राहू नका. आधी हाडं तपासू." आणि मला अकोल्याला पाठवलं.

हाडं झिजायला लागली होती, पण जावेइतकी नाही. गोळ्या सुरू झाल्या. दूध, तीळ, सकाळचं ऊन आणि रोजचं चालणं डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलं. मालकांना जावेनंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी वावरात माझं गाठोडं त्यांनी उचललं, आणि पुढंही उचलत राहिले.

जावेचं मनगट जुळलं, थोडं वाकडं. माझं हाड अजून मोडलेलं नाही. ते गोळ्यांमुळे, भाजलेल्या सोयाबीनमुळे की नुसत्या नशिबानं, हे मला सांगता येणार नाही. भीती पूर्ण गेलेली नाही. अजूनही ओल्या अंगणात पाय टाकताना मी थांबते. पण वेचणीला सोबत असलेल्या बायकांना आता मी सरळ विचारते, "तुही पाळी चालू हाय का?" पहिल्यांदा त्या लाजतात. मग एखादी शेजारच्या तासातून, कपाशीच्या ओळीतून, सरकत माझ्या जवळ येते.