पुठ्ठ्यांवरची साथ

अख्ख्या मराठवाड्यातले पुरुष एकटीने मारून टाकणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि तिच्या हातची ज्वारीची भाकरी मी सात वर्षं खाल्ली. त्या म्हणजे पुंडलिकनगरातल्या माझ्या घरमालकीणबाई, आमच्या काकू. चिकलठाण्याला नवे नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात मी लासूर स्टेशनहून येऊन कारकून म्हणून चिकटलो आणि त्यांची मागची खोली भाड्याने घेतली. काकूंचं माहेर करमाडकडचं, मेंढरं राखणारं, शिक्षण सातवी. काका एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी, काकू औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला. तिथले छपाई बिघडलेले खोके त्या साहेबांना विचारून घरी आणायच्या, उलगडून सरळ करायच्या आणि आतल्या कोऱ्या बाजूवर कादंबरी लिहायच्या. कादंबरीत एक साथ येते, तिच्यात फक्त पुरुष मरतात आणि मग एसटी, कचेऱ्या, कारखाने, सगळा कारभार बायका हाती घेतात. हे त्यांनी कुठे वाचलं म्हणावं, तर घरात पंचांगापलीकडे पुस्तक नव्हतं.

मी स्वतः अकराव्या पुठ्ठ्यावर वारलो. आदल्या दिवशी नळ चालू ठेवून ड्युटीवर गेलो होतो, एवढंच निमित्त. दुधात पाणी घालणारा दूधवाला चौथ्या पुठ्ठ्यावर गेला, आणि हात केला तरी बस न थांबवणारा ड्रायव्हर तर पहिल्याच पानात आटोपला. गल्लीत हे कळल्यापासून बाप्ये काकूंना जाता-येता नमस्कार घालू लागले. मरणही साधं नसायचं. आधी तोंडाला लाळ सुटायची, मग पाय लंगडायचा, नखं सुटायची. मी म्हटलं, "काकू, हा तर मेंढरांचा लाळ्या-खुरकूत झाला. माणसाला खूर कुठं असतात?"

"माणसाची साथ म्या बघितली नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "जी बघितली तीच लिवणार. अन् तुमचे साहेब चालतात कसे, ते बघा एकदा."

पण राज्य त्यांनी असं चालवलं की आपण मेल्याचं वाईट वाटू नये. नळाला पाणी कधी सोडायचं, ते पाणी भरणाऱ्या ठरवत. प्रत्येक बस स्टँडावर पहिलं बांधकाम संडासाचं. कारखान्याचा भोंगा घरातली भांडी घासून झाल्याशिवाय वाजत नसे. हे सगळं त्या जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून काम करणाऱ्या गयाबाईंना वाचून दाखवायच्या. गयाबाई दलित वस्तीतल्या. एकदा त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "ताई, बाप्ये तर मेले. पण पाणवठा एक झाला का?" काकूंनी ते लिहिलंच नव्हतं. दोन दिवस त्यांनी पुठ्ठ्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आधीचे वीस पुठ्ठे बाजूला टाकले आणि पुन्हा लिहायला बसल्या. चूक एवढ्या सरळपणे मान्य करणारा माणूस मी शिकलेल्यांतही क्वचित पाहिला. नव्या राज्यात सगळ्यात मोठ्या खुर्चीवर गयाबाई बसल्या, आणि पहिला हुकूम पाण्याचा निघाला.

एकच गोष्ट मला खटकायची. काकूंच्या साथीत एकही पुरुष जगत नव्हता, अपवाद काकांचा. धनगर आजारी मेंढरू वेगळं काढतात, तसं काकूंनी त्यांना तिसाव्या पुठ्ठ्यापासून सुतळीच्या जाळीआड कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. मरत नव्हते, बरेही होत नव्हते. खरे काका रोज कामावरून आले की विचारायचे, "आज हाय का गेलो?" त्यांना साखरेचा आजार. काकू साखरेचा डबा कुलपात ठेवायच्या आणि काका किल्ली हुडकायचे, असा त्यांचा संसार. मी शहाणा, काकूंना सांगत सुटलो, की चाळीस पुठ्ठे एक माणूस नुसता निजून राहिला तर वाचणारा कंटाळेल. त्यातच एके दिवशी काका डब्यात हात घालताना सापडले, वर "मुंगी बघत होतो" म्हणाले. काकूंनी संध्याकाळी चार ओळींत त्यांचा निकाल लावला.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं. वस्त्यांवर हल्ले होताहेत असं ऐकलं तसे काका सायकल काढून गयाबाईंना आणायला निघाले. मागोमाग संचारबंदी लागली आणि काका परतले नाहीत. गल्लीतले पुरुष दारं लावून बसले, पोलीस बाप्या दिसला की उचलत होते. काकूंनी बायकांच्या पाळ्या लावल्या. कुणी दूध आणायचं, कुणी पीठ, कुणी कोपऱ्यावर उभं राहून खबर घ्यायची. मी मेलेला माणूस घरात बसून कांदे चिरत होतो. मधल्या वेळेत काकू पुठ्ठा घेऊन बसायच्या. मी जवळ गेलो तर एवढंच म्हणाल्या, "तुमचं ऐकलं, लासूरवाले." असली लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी संचारबंदी दोन तास उठली आणि काका आले. सायकल हातात, कपाळाला पट्टी, कॅरिअरवर गयाबाईंचं गाठोडं आणि मागे गयाबाई. काकांनी सवयीने विचारलं, "हाय का गेलो?" काकूंनी पुठ्ठा पुढे केला. चार ओळी खोडल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'ते उठून बसले.' गयाबाई चार महिने आमच्याच घरी राहिल्या.

पुढे पुण्याच्या एका प्रकाशकाने कळवलं, कादंबरी झकास आहे, पण तो एक नवरा काढा, त्याने सगळी गोष्ट फसते. काकूंनी उत्तर धाडलं, "फसू द्या." पुठ्ठे सुतळीत बांधून माळ्यावर गेले. विद्यापीठाला नाव मिळालं त्या दिवशी गयाबाई पेढे घेऊन आल्या, तेव्हा काकूंनी काकांना आपल्या हाताने अर्धा पेढा दिला. त्यानंतर काही वर्षांनी साखरेच्या आजारानंच काका गेले.

गेल्या महिन्यात भेटायला गेलो. काकू आता मिठाईच्या खोक्यांवर लिहितात, अक्षर मोठं झालंय. माझी अक्कल अजून तीच. म्हटलं, "काकू, आता काका नाहीत. आता काढू या त्यांना गोष्टीतून आणि देऊ छापायला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा अकराव्या पुठ्ठ्यावर जाऊन पडलो. मग ताजा पुठ्ठा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आज ह्यांनी दोनदा चहा मागितला."

"दिलात?"

"व्हय. दोन दोन चमचे साखर घालून. तिथली डॉक्टरीण माझ्या ऐकण्यातली हाय."