तरोट्याचं डिकाशन

अहेरीत रुखमाच्या घरी जाऊन चहा मागणारा माणूस नवखा समजावा. तिथे मिळते ती फिल्टर कॉफी, तीसुद्धा पितळी पेल्यात, फेस येईपर्यंत वरून खाली ओतलेली. रुखमा अंगणवाडीत मदतनीस, नवरा देवराव लाकूड आगारातून निवृत्त झालेला, आणि सात पिढ्यांत मद्रासकडचं कुणी नाही. तरी सकाळी सहाला गल्लीभर वास सुटतो आणि शेजारच्या इंदुताईंना नेमकी तेव्हाच साखर संपल्याची आठवण होते.

हे वेड अम्मांनी लावलं. बारा वर्षांपूर्वी इथल्या बँकेत तंजावरकडचे एक मॅनेजर आले, सोबत त्यांची आई. रुखमा त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती. अम्मांना तेव्हा मराठी येत नव्हतं, रुखमाला तमिळ येत नव्हतं, पण गप्प बसणं दोघींनाही येत नव्हतं, त्यामुळे कशाचं काही अडलं नाही. पहिल्याच दिवशी रुखमाने फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड अशी चेपून भरली की दुपारपर्यंत खाली डिकाशनचा, म्हणजे कॉफीच्या काळ्या अर्काचा, थेंब उतरला नाही. अम्मांनी कपाळाला हात लावला. मग स्वतः करून दाखवलं आणि पुढे मोडकं मराठी येऊ लागल्यावर रोज बजावलं, "हलका दाब. उकळता पाणी टाक, झाकण ठेव आणि दुसऱ्या कामाला लाग. बघत बसली तर उतरणार नाही."

तीन वर्षांनी मॅनेजरांची बदली झाली. निघताना अम्मांनी तो पितळी फिल्टर रुखमाच्या हातात ठेवला आणि दोघी मनसोक्त रडल्या.

फिल्टर राहिला, पण पुडीची पंचाईत झाली. ती सिरोंच्याकडून येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडून मागवावी लागे आणि कंडक्टर विसरभोळा. अशातच आठवडी बाजारात तरोट्याच्या बिया घेणारा व्यापारी सहज म्हणाला की लोक या भाजून कॉफीसारख्या पितात. तरोटा म्हणजे पावसाळ्यात जिथे तिथे माजणारं तण. कोवळा असतो तोवर भाजीला, पुढे त्याला कोण विचारतो! रुखमाने मूठभर बिया काळपट होईपर्यंत भाजल्या, दळल्या, कॉफीत मिसळल्या. कुणाला काही कळलं नाही. मग एका मुठीच्या दोन झाल्या. हळूहळू डब्यात निम्मा तरोटाच राहू लागला.

आणि फोनवर अम्मा विचारत, "प्युअर करते ना?" तेव्हा रुखमा बेधडक सांगे, "तुमी शिकवली तशीच, अम्मा."

यंदा जानेवारीत अम्मांचाच फोन आला. मुलासोबत कालेश्वरला दर्शनाला निघाल्या होत्या, वाटेत तासभर अहेरीला थांबणार होत्या. रुखमाने आधी पुडीचा डबा उघडून हुंगला.

"मले वासावरूनच पकडतीन त्या," ती देवरावला म्हणाली.

"पकडू दे. फाशी देतीन काय?"

"तुमाले काय समजते! नऊ वर्षं खोटं बोलून राह्यली मी त्या बाईशी."

देवराव बिचारा कॉफीच्या पुडीसाठी सलग तीन दिवस स्टँडवर जाऊन बसला. कंडक्टर तिन्ही दिवस हात हलवत उतरला.

अम्मा आल्या त्या मुलाचा हात धरून, पूर्वीपेक्षा वीतभर लहान झालेल्या. टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "रुखमा, डॉक्टर कॉफी बंद केला. दोन वर्ष झाला. छाती धडधड करते. तू कर, हा पिणार. मी नुसता वास घेते."

सुटलो बाप्पा, असं रुखमाला झालं. मॅनेजर फोनात डोकं घालून पिणारे. त्यांना गरम लागलं की पुरे. तिने हुरुपाने फिल्टर लावला. अम्मांनी खुर्ची ओट्याजवळ ओढली, झाकण जरासं उचललं आणि डोळे मिटून घेतले. मग शेजारचा रिकामा पेला उचलून तो पदराने उगाचच पुसत बसल्या. तो स्वच्छच होता.

रुखमाला ते बघवेना. आता गप्प राहिली तर तिचं नाव राहणार होतं, पण अम्मांचा पेला रिकामाच राहणार होता.

"अम्मा, मी खोटं बोलली तुमच्याशी," ती एका दमात म्हणाली. "याच्यात अर्धा तरोटा हाये. रानातल्या बिया. पन तुमाले निव्वळ त्याचीच करून देतो. त्यात कॉफीचा एक दाना नाई."

मॅनेजरांनी फोनातून डोकं वर काढलं. अम्मांनी हातातला पेला खाली ठेवला.

"नऊ वर्ष?"

"नऊ वर्षं."

"कर," अम्मा म्हणाल्या.

रुखमाने फिल्टर धुऊन पुन्हा लावला आणि तिथेच खिळून उभी राहिली. "बघत बसू नको," अम्मांनी दटावलं. ती भांडी घासायला गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासून आली. डिकाशन उतरलं. दूध, साखर घालून तिने पेला अम्मांच्या हाती दिला. त्यांनी तोंडाला न लावता वरूनच घोट घेतला आणि गिळला.

"हा कॉफी नाही."

"नाई, अम्मा," म्हणत रुखमाने पेला परत घ्यायला हात पुढे केला.

"अजून दे."

जाताना गाडीत अम्मांच्या मांडीवर भाजलेल्या तरोट्याच्या पुडीचा डबा होता आणि तो मुलालाही त्या धरू देईनात.

पंधरा दिवसांनी फोन वाजला. अम्मा भलत्याच तापलेल्या. "रुखमा, तुझा तरोटा उतरत नाही! अर्धा तास मी समोर बसली आहे."

रुखमाला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

"हलकं दाबा, अम्मा," ती म्हणाली. "झाकन ठेवा आन् दुसऱ्या कामाले लागा."