आधी हिचो घसो बघा

मंडळी, आज दुपारी मी एका मुलीवर उगाच चिडले. कबूल करून टाकते.

मी मालवणजवळच्या एका दवाखान्यात नर्स आहे. आठवीतली सेलिना दर एकवीस दिवसांनी माझ्याकडे इंजेक्शनला येते. तीन वर्षांपूर्वी तिचा घसा दुखला, ताप आला आणि आपोआप गेला. पण त्यातूनच पुढे सांधे सुजले आणि हृदयाच्या झडपेला इजा झाली. तसा ताप पुन्हा येऊ नये म्हणून हे इंजेक्शन अजून कितीतरी वर्षं घ्यायचंय. गेल्या तपासणीत झडप बरीच सुधारलेली दिसली. पण सुई जबरदस्त दुखते, त्यामुळे दर खेपेला हिची नवी सबब.

आज तिने शेजारच्या सहा वर्षांच्या आयेशाला पुढे केलं. "सिस्टर, माझां मगे. आधी हिचो घसो बघा."

"नाटकां पुरे!" मी ओरडले.

"नाटक नाय ओ. तीन दिस ताप आसा हिका. घरची म्हणतत, चिंचा खाल्ल्यान म्हणून. माझ्या वेळार पण असांच म्हणत होते."

मी आयेशाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या आईला बोलावून घेतलं, घसा तपासला, औषध दिलं आणि बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही असं बजावलं.

मग सेलिना स्वतःहून पालथी झोपली. आयेशाने हळूच विचारलं, "दुखता गो?"

"दुखता तर. म्हणान तर तुका घेऊन इलंय."

तुमच्या घरात कुणा पोराचा घसा धरलाय का? चिंचांना दोष नंतर द्या.