आजाने वाघाला कान दिले

माझ्या आजाने आयुष्यभर वाघ कोरले. खरा वाघ पाहिला एकदाच.

आज वाघबारस. वेशीवरच्या वाघदेवाला नारळ फोडायचा आणि गुरं सांभाळ म्हणून सांगायचं, तो दिवस. आजा गेला तोही याच दिवशी. मी तेव्हा नववीत होतो.

मघापासून फोटो शोधतोय. आजाचा एकही फोटो नाही. म्हणून ही पोस्ट.

गाव आमचं पोशेरा. गोष्ट जव्हारला राजांचा अंमल होता तेव्हाची. आजाचं नुकतंच लग्न झालेलं. गावाचा लाकडी वाघदेव कोरायचा मान आमच्या घराकडे. आजा बापाकडून शिकला, बाप त्याच्या बापाकडून.

तिघांपैकी एकानेही वाघ पाहिला नव्हता.

त्यामुळे आमचा वाघ म्हणजे गोल तोंड, वालाच्या दाण्यासारखे डोळे, शेपूट वर आणि चेहरा हसरा. कान नाहीत. का नाहीत? पणजोबाने काढले नव्हते म्हणून.

मग एका दुपारी आजा खोडाळ्याच्या बाजारातून मीठ आणि सुके बोंबील घेऊन परत येत होता. वाटेतल्या ओहोळावर वाघ पाणी पीत होता.

आजा सांगायचा, मी पळालो नाही.
आजी सांगायची, पाय हलले असते तर पळाला असता.

आजाला नेमका तेव्हाच ठसका लागला. वाघाने मान वर केली नाही. फक्त एक कान त्याच्याकडे वळवला. पाणी पिऊन झालं आणि निघून गेला. बोंबलांकडे बघितलंसुद्धा नाही. हे सांगताना आजाला दरवेळी थोडा अपमान वाटायचा.

त्या वर्षी जुना वाघदेव कुजला होता, नवा करायचा होता. साग तोडायला संस्थानची परवानगी लागे. देवासाठी एक खोड मिळालं. एकच.

आजाने त्यावर पाहिलेला वाघ कोरला. ते खांदे, तो जबडा, दबलेली पाठ. आपल्या भाषेत एकदम रिअॅलिस्टिक. बघणारा एक पाऊल मागे सरायचा आणि आजा मनातून खूष व्हायचा.

आमच्या पाड्यावर एक रीत आहे. त्या वर्षी ज्या घरचं जनावर वाघाने नेलं, त्या घराने पहिला नारळ फोडायचा. तोवर बाकीच्यांनी थांबायचं. त्या वर्षीचा पहिला नारळ बुधीचा होता. विधवा बाई. एकच गाय होती, तीच गेली.

सणाच्या दोन दिवस आधी ती आमच्या अंगणात खोड बघायला आली.

"यो त वाघच हाय," ती आजाला म्हणाली. "यानंच माझी गाय नेली. याला मी काय सांगू?"

मी नारळ फोडणार नाही, असं सांगून ती घरी गेली.

झालं. तिचा नारळ नाही तर कोणाचाच नाही. दुसरा साग मिळायचा नाही. आणि तीन पिढ्यांचा मान आजाच्या हातून जाणार, तोही त्याने पहिल्यांदा खरं काम केलं म्हणून.

आजा चिडला. बाईला कळत काय, वगैरे सगळं बोलून झालं. दिवसभर जेवला नाही. माझी पहिली कथा परत आली तेव्हा मीही हेच केलं होतं, फक्त मी जेवलो होतो.

दुसऱ्या दिवशी आजीला नागली वाळत घालायची होती. खोड अंगणात मध्येच पडलेलं. तिने ते ढकलून कडेला लोटलं. वाघ खाली गेला, खोडाची पाठ वर आली.

"ही बाजू रिकामीच हाय," आजी म्हणाली, आणि नागली पसरू लागली.

आजाने पटाशी उचलली. पाठीवर जुनाच देव कोरला. तेच गोल तोंड, तेच डोळे, तेच हसू. पण या वेळी दोन कान काढले. मोठे, पुढे वळलेले.

वाघबारशीला खोड वेशीवर उभं राहिलं. देव गावाकडे, वाघ रानाकडे.

बुधी समोर बसली. आधी कानांवरून बोट फिरवलं. मग गाय कोणत्या रंगाची होती, वासरू केवढं होतं, सगळं हळू आवाजात सांगितलं. आणि नारळ फोडला.

शहरातले मित्र विचारतात, तू लेखक माणूस, वाघदेव मानतोस का? मी त्यांना माझ्या कामाचं सांगतो. जे दिसलं ते मी लिहितो. पण लिहून झालं की खोड एकदा उलटून बघतो. बुधीला याच्याशी बोलता येईल का? बऱ्याचदा नाही येणार. मग परत लिहायला बसतो. यात माझं बरं चाललंय.

आजा गेला त्याच्या पुढच्या वाघबारशीला पाड्यात कोणाचंच जनावर गेलेलं नव्हतं. पहिला नारळ कोणाचा, यावर म्हातारी माणसं थोडा वेळ बोलली. मग त्यांनी तो आजीच्या हातात दिला.

आजी देवाच्या कानाशी वाकून बराच वेळ बोलत होती. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही. उठताना तिने पदराने दोन्ही कान पुसले.

आज सकाळी मी जाऊन आलो. लाकूड भेगाळलंय. तोंड झिजलंय, हसू शोधावं लागतं.

कान शाबूत आहेत, आजा. सांगायचं ते सगळं सांगून आलोय.

निवांत नीज.